भरण कीं अंश?

आपल्या जुन्या धर्मशास्त्रांत दायविभागाच्या प्रकरणीं 'अनंश' असा एक शब्द येतो. वडिलोपार्जित मिळकतींत ज्यास वांटा नाहीं तो अनंश. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत अशा लोकांची यादी दिलेली आहे, आणि तींत क्लीब व पतित यांच्या पंक्तीस जन्मांध, बहिरा, वेडा, जड, मुका व ज्याचें एखादें इंद्रिय निकामी आहे असा मनुष्य, हे सर्व बसविलेले आहेत. एवढेंच वाचून कोणी स्मृतिकारांस निर्दय म्हणेल, तर तें बरोबर होणार नाहीं. कारण त्यापुढच्याच श्लोकांत या सर्वांस यथाशक्ति जन्मभर अन्नवस्त्र द्यावें, न देणारा पतित होय, असें बजावलेलें आहे. म्हणजे दयेची उणीव नव्हती. आंधळ्या भावास जेवावयास वाढणें हा धर्म होता. त्याच्या हिश्शाचें शेत त्याच्या नांवें लावणें हा मात्र धर्म नव्हता. याज्ञवल्क्यानें व त्यावरील मिताक्षरेनें हीच व्यवस्था कायम ठेविली. पुढें १९२८ सालच्या कायद्यानें जन्मजात वेडा व जड यांखेरीज इतरांचा वांटा मान्य केला, आणि १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या २८ व्या कलमानें रोग किंवा व्यंग यांच्या सबबीवर कोणासही वारशांतून वगळतां येणार नाहीं असें ठरलें. भरण मागें पडून अंश पुढें आला.

निदान कागदावर आला. मनांत तो कितपत आला आहे हें पाहण्यासाठीं आम्ही वांटणीच्या दाव्यांकडे न जातां, त्याहून पुष्कळ साध्या अशा एका कागदाकडे जाणार आहों. शरीराच्या किंवा मनाच्या व्यंगामुळें कमावून पोट भरणें ज्यास अशक्य अथवा दुर्घट झालें आहे, असा प्रौढ मनुष्य सरकाराकडे दरमहा कांहीं रकमेची मागणी करतो. तो अर्ज म्हणजेच हा कागद. या अर्जानें तो मनुष्य नेमकें काय मागत असतो? दान, भरण, कीं स्वतःचा अंश?

महाराष्ट्रांत हा अर्ज बहुधा संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा असतो. ही योजना १९८० सालीं सुरू झाली. निराधार विधवा, परित्यक्ता, दुर्धर रोगानें ग्रासलेले इत्यादिकांबरोबर अपंगांचाही तींत समावेश आहे. केंद्र सरकारनेंही २००९ सालीं दारिद्र्यरेषेखालील व शेंकडा ८० किंवा अधिक अपंगत्व असलेल्या लोकांकरितां इंदिरा गांधींच्या नांवानें एक निवृत्तिवेतन काढलें. पण त्यांतील केंद्राचा हिस्सा महिना ३०० रुपये, त्यामुळें त्याविषयीं अधिक लिहिण्यासारखें नाहीं. राज्याच्या योजनेंतील रक्कम बरींच वर्षें ६०० रुपये होती. ती पुढें १,००० झाली, २०२३ मध्यें १,५०० झाली, आणि २०२५ च्या सप्टेंबरांत मंत्रिमंडळानें ती अपंगांपुरती २,५०० रुपये करण्याचें ठरविलें. म्हणजे दिवसाचे सुमारें ८३ रुपये. २०२५-२६ सालीं राज्यांत रोजगार हमीच्या कामावर दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती, तिच्या चौथाईहून हे थोडे अधिक. या रकमेसाठीं शेंकडा ४० किंवा अधिक अपंगत्वाचें प्रमाणपत्र, वयाचा दाखला, राज्यांतील १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड व आधार, एवढे कागद जमवावे लागतात. चंदगड किंवा गगनबावडा यांसारख्या टोकाच्या तालुक्यांतील खेड्यांतून चालतां न येणाऱ्या माणसानें ते कसे जमवावे, हा प्रश्न आम्ही येथें बाजूस ठेवतों. तो व्यवस्थेचा प्रश्न आहे, आणि व्यवस्था सुधारूं शकते. मंजुरी मिळाल्यावरही वर्षाकाठीं हयातीचा दाखला द्यावा लागतो, हेंही असो.

आमचा एक जुना विद्यार्थी या वाटेनें गेला. त्याची हकीकत मात्र दिलीच पाहिजे. इतिहास घेऊन तो पदवीधर झाला, आणि पुढें दोन वर्षांच्या आंतच मोटारसायकलच्या अपघातांत पाठीच्या कण्यास मार लागून त्याचें कमरेखालचें शरीर गेलें. भाऊ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत एका फौंड्रींत कामास आहे. त्याच्या घरीं तो राहतो, आणि सायंकाळीं गल्लींतील पांच-सहा मुलांच्या शिकवण्या घेतो. अर्ज करण्याचें ठरलें तेव्हां अर्ज भरून देण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका अनुभवी गृहस्थानें त्यास दोन सूचना केल्या. एक, शिकवण्यांचा उल्लेख गाळून 'कोणतेंही काम करण्यास असमर्थ' असें लिहावें. दुसरी, भावाच्या रेशनकार्डावरून नांव कमी करून स्वतःचें निराळें कार्ड काढावें, म्हणजे उत्पन्नाचा दाखला एकट्याचा निघेल. हे गृहस्थ लबाड होते असें कोणी समजूं नये. खऱ्याखुऱ्या गरजवंतांचे पुष्कळ अर्ज त्यांनीं मार्गास लाविले होते, आणि नियमांस काय ऐकावयाचें असतें तें त्यांना अनुभवानें कळलें होतें. आमच्या विद्यार्थ्यास दोन्ही गोष्टी मानवल्या नाहींत. "सर, असमर्थ म्हणून लिहिलं तर उद्या पोरांना कुठल्या तोंडानं शिकवूं? आणि वेगळी चूल लिहिली, तर वहिनींनी सहा वर्षं वाढलेलं ताट खोटं ठरेल," असें तो म्हणाला. त्यानें खरें तें लिहिलें. दाखल्यावर भावाचा महिना १४,००० रुपये पगार आला, आणि अर्ज नामंजूर झाला.

या दोन सूचनांत दोन निरनिराळे नैतिक प्रश्न दडलेले आहेत.

पहिला प्रश्न असमर्थतेचा. मदत मागणाऱ्यानें आपली असमर्थता सिद्ध केली पाहिजे हें वरवर पाहतां अगदीं रास्त वाटतें. पण सिद्ध करावयाची ती कोणाच्या समाधानासाठीं, आणि किती? हा प्रश्न फार जुना आहे. अथेन्सच्या लोकराज्यांत अपंग व निर्धन नागरिकांस सरकारी तिजोरींतून रोजचा भत्ता मिळत असे, आणि पांचशें सभासदांची सभा त्या लोकांची तपासणी करी. ॲरिस्टॉटलच्या नांवावर मोडणाऱ्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथांत, तीन मिनांहून कमी मिळकत व काम करतां न येण्याइतकें व्यंग, अशा दोन अटी व दिवसाला दोन ओबोल हा दर दिलेला आहे. त्याहून थोड्या आधींच्या काळांत हा दर एक ओबोल होता. कुशल कारागिराच्या दिवसाच्या मजुरीचा हा सुमारें सहावा हिस्सा. असा एक ओबोल घेणाऱ्या एका लंगड्या माणसाविरुद्ध कोणीतरी तक्रार केली कीं, हा धडधाकट आहे, घोड्यावर बसतो, कांहीं धंदाही करतो, श्रीमंतांत ऊठबस ठेवतो, याचा भत्ता बंद करा. त्या माणसानें सभेपुढें करावयाचें भाषण लिसियस या प्रसिद्ध भाषणलेखकानें लिहून दिलें, आणि तें आजही उपलब्ध आहे.

तें भाषण वाचतांना आम्हांस प्रत्येक वेळीं हंसूं येतें, आणि मग हंसूं आल्याचें आश्चर्य वाटतें. तो मनुष्य रडत नाहीं. तो म्हणतो, मी घोड्यावर बसतों कारण मला खोगीर घातलेलें खेंचर परवडत नाहीं. परवडतें तर त्यावरच बसलों असतों, आणि मग या फिर्यादीस बोलावयास जागा राहिली नसती. आतां दुसऱ्याचे घोडे मागून आणावे लागतात म्हणून मी धट्टाकट्टा ठरतों काय? इतर लोक एक काठी घेऊन चालतात आणि मी दोन घेतों, हीही मग माझ्या सामर्थ्याचीच खूण म्हणा. दुकानांत लोक येऊन बसतात हा गुन्हा असेल, तर बाजारांतील प्रत्येक न्हाव्यावर व चांभारावर खटला भरा. आणि मी इतका समर्थ असेन, तर चिठ्ठ्या टाकून नऊ मुख्य अधिकारी निवडतां, त्यांत माझीही चिठ्ठी कां टाकीत नाहीं?

निकाल काय झाला हें इतिहासानें राखून ठेविलेलें नाहीं. पण त्या माणसाची अडचण स्पष्ट आहे. तो जेवढें चांगलें बोलेल तेवढा तो समर्थ दिसेल. त्याचा विनोद, त्याचा धंदा, त्याचे मित्र, प्रवासासाठीं त्यानें काढलेली युक्ति, जें जें त्यास माणूस म्हणून शोभा देतें तें तें त्याच्या विरुद्ध पुरावा होतें. आमच्या विद्यार्थ्याच्या शिकवण्यांचें हेंच झालें असतें. ज्या मनुष्यानें शरीराचा अर्धा भाग गेल्यावर उरलेल्या अर्ध्यानें काय करतां येईल याचा शोध घेतला, त्यास तो शोध लपवावयास सांगणें ही आमच्या मतें अर्जाची सर्वांत मोठी किंमत आहे, आणि ती रुपयांत मोजली जात नाहीं. आपल्याकडील सरकारी मदतीच्या मागें ही दृष्टि कोठून आली, हें शोधूं गेल्यास इंग्लंडांतील १८३४ च्या गरिबांविषयींच्या कायद्यापर्यंत जावें लागतें. मदत घेणाराची स्थिति अगदीं खालच्या मजुराहूनही खालची दिसली पाहिजे, असें त्या कायद्याचें सूत्र होतें. १८८० च्या दुष्काळ आयोगानें आपल्याकडेही कामाची कसोटी आणली, आणि काम करूं न शकणारांस तेवढी फुकट मदत ठेविली. दुष्काळांतील उपाय म्हणून तिला कांहीं अर्थ होता. जन्मभर चालणाऱ्या स्थितीस ती लावणें निराळें.

यावर, आतां असमर्थता शब्दांनीं नव्हे, वैद्यकीय टक्क्यांनीं ठरते, असें उत्तर मिळेल. टक्क्यांची मदत होते हें खरें. डॉक्टरास अवयव मोजतां येतो. पण पोट अवयवानें भरत नाहीं, धंद्यानें भरतें. गुऱ्हाळावर उसाच्या चरकांत ज्याचा पंजा सांपडला तो मजूर, हुपरीस चांदीचे दागिने घडविणारा व त्याच तऱ्हेनें पंजा गमावलेला कारागीर, आणि आमच्यासारखा वर्गांत बोलून पोट भरणारा मनुष्य, या तिघांचा टक्का एकच येईल. आम्ही दुसऱ्या महिन्यांत कामावर रुजू होऊं. चांदीचा कारागीर, ज्या बोटांवर त्याची सारी विद्या होती तीं बोटें गेल्यामुळें, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं अशिक्षित मजुराच्या पायरीवर येईल; आणि मजुरास तर कोणी बोलावणारच नाहीं. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यांत एकवीस आले, हें मोठें पाऊल आहे. परंतु प्रकार वाढल्यानें हा प्रश्न सुटत नाहीं.

दुसरा प्रश्न कुटुंबाचा, आणि आमच्या मतें खरी मेख येथेंच आहे. या योजनेस कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये होती. अपंगांसाठीं ती पुढें ५०,००० रुपये करण्यांत आली. महिन्याचे चार हजार एकशें सहासष्ट. ही रक्कम लहान आहे, ती वाढवावी, अशी मागणी होते व ती योग्यच आहे. पण आमचा आक्षेप आंकड्याहून आधींच्या गोष्टीवर आहे. तीस वर्षांच्या माणसाची गरज मोजतांना त्याच्या भावाचा पगार कां मोजावा? मोजणाराच्या मनांत एक गृहीत गोष्ट असते: भाऊ कमावतो, म्हणजे हा उपाशी राहणार नाहीं. गृहीत खरेंही असतें. परंतु हें तर मनूचेंच गृहीत झालें! अन्नवस्त्र भावाकडून मिळतें, तेव्हां वांट्याची वासना कशाला? जो निर्बंध वारशाच्या कायद्यांतून १९५६ सालीं काढून टाकला, तो उत्पन्नाच्या दाखल्याच्या वाटेनें परत आला आहे. आणि त्यांत एक विचित्र उलटापालट झाली आहे ती अशी कीं, पूर्वीं वांटणी झाली म्हणजे आंधळ्या भावास कांहीं मिळत नसे; आतां कागदोपत्रीं वांटणी केल्याखेरीज त्यास कांहीं मिळत नाहीं. एकत्र राहणाऱ्या भावांस सरकार दंड करतें, आणि विभक्त झाल्याचें सोंग आणणारांस बक्षीस देतें, असें म्हटलें तर तें फारसें अन्यायाचें होणार नाहीं.

अर्ज फेटाळला गेल्यावर आम्ही त्या विद्यार्थ्याच्या घरीं गेलों होतों. तो चिडलेला नव्हता. बोलतां बोलतां म्हणाला, "भाऊ कधीं वाकडा शब्द बोलला नाहीं, सर. म्हणून तर मागत होतों." या वाक्याचा अर्थ ज्यास कळत नसेल, त्यानें महिनाभर आपला प्रत्येक रुपया दुसऱ्याकडून मागून घेऊन पाहावा, तो देणारा कितीही प्रेमळ असो. दाढीचें पातें, मोबाइलचा रिचार्ज, पुतण्याच्या वाढदिवसाची पेन्सिल, यांतील कशासाठींही नकार मिळणार नाहीं हें ठाऊक असतांना मागणें हें नकार मिळण्याच्या भीतीनें मागण्याहून सोपें नाहीं.

त्याच घरांत त्याच्या भावजयीस २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये मिळूं लागले. त्या योजनेस कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवण्यांत आली. त्या बाईंस मिळालेल्या रकमेबद्दल आम्हांस आनंदच आहे. दिराचा रिचार्ज त्याच करतात. पण सरकारनें येथें जें तत्त्व मान्य केलें तें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. नवरा मिळवता असला, घरांत अन्नवस्त्राची ददात नसली, तरी स्त्रीच्या हातांत तिचा स्वतःचा पैसा असणें ही एक निराळी गरज आहे, हें त्या योजनेनें कबूल केलें. मग तोच न्याय त्याच चुलीपाशीं बसलेल्या अपंग दिरास कां लागूं नये, याचें उत्तर आम्हांस कोणी दिलेलें नाहीं.

एक उत्तर तिजोरीचें आहे. आमचे एक सहाध्यापक अर्थशास्त्र शिकवितात. ते म्हणतात, पैसा मोजका आहे, तो आधीं अगदीं निराधारांस जावा, पगारदाराच्या भावास नको. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमांतही बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क सांगितला आहे तो राज्याच्या आर्थिक शक्तीच्या मर्यादेंतच. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. उत्पन्नाची मर्यादा मुळींच नसावी असें आमचें म्हणणें नाहीं; ती अर्जदाराच्या स्वतःच्या उत्पन्नास असावी, आणि थोडक्या कमाईनें सारी मदत एकदम न तुटतां हळूहळू कमी व्हावी, एवढेंच म्हणणें आहे. तसें केल्यानें गुजरीतील एखाद्या सराफाच्या अपंग मुलासही अडीच हजार मिळतील. मिळोत. सराफाकडून कर घ्यावयास सरकार मोकळें आहे. शिवाय, पैसा मोजका असतांनाही विधिमंडळास जे वर्ग महत्त्वाचे वाटले त्यांच्यासाठीं तो निघाला आहे. २०१६ च्या कायद्याच्या २४ व्या कलमानें अपंगांसाठींच्या अशा साहाय्याची रक्कम इतरांच्या तत्सम योजनांहून निदान एकचतुर्थांश अधिक असावी असें सांगितलें होतें. तरी २०२३ पासून २०२५ पर्यंत आपल्या राज्यांत विधवा व अपंग यांना सारखेच १,५०० मिळत होते. तेव्हां प्रश्न तिजोरीचा असला तरी केवळ तिजोरीचा नाहीं.

दुसरें उत्तर लबाडीचें. खोटे दाखले निघतात, यांत संशय नाहीं. २०२४ सालीं भारतीय प्रशासकीय सेवेंतील एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यावरून देशभर चर्चा झाली, आणि दाखल्यांच्या फेरतपासणीची लाट आली. उच्च पदासाठीं होणाऱ्या लबाडीचा संशय अडीच हजार मागणाराच्या डोक्यावर फुटावा, हें आपल्याकडे नवीन नाहीं. तपासणी जरूर व्हावी. पण ती एकदां, नीट, आणि शक्य तेथें अर्जदाराच्या दारीं जाऊन व्हावी. ज्याचा पाय कापलेला आहे त्यास दर थोड्या वर्षांनीं तो पुन्हां उगवला काय हें विचारण्यांत अर्थ नाहीं.

तिसरें उत्तर आमच्या कोल्हापुरांत विशेष ऐकूं येतें, कारण येथें त्याला उदाहरण हजर आहे. श्रीमती नसीमा हुरजूक यांचें शरीर तरुणपणींच कमरेखालीं लुळें पडलें. तरी त्यांनीं सेंट्रल एक्साइज खात्यांत नोकरी केली, १९८४ सालीं 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था येथें उभी केली, आणि 'चाकाची खुर्ची' हें आत्मचरित्र लिहिलें. तेव्हां लोक म्हणतात, पहा, मनांत असलें म्हणजे होतें. पैसे वांटण्यापेक्षां काम द्या. काम द्यावें यांत वादच नाहीं. पण त्या संस्थेचें काम ज्यानें जवळून पाहिलें असेल त्यास हें उदाहरण उलट्या बाजूचें आहे असें दिसेल. वसतिगृह, शाळा, खुर्च्या, वाहनें, उतरते जिने, मदतनीस, इतकें सगळें उभें केल्यावर तेथील मुलें स्वतःच्या बळावर उभीं राहिलीं असें आपण म्हणतों. स्वावलंबनास भांडवल लागतें. धडधाकट माणसाचें भांडवल त्याच्या घरानें, शाळेनें व रस्त्यानें न बोलतां भरलेलें असतें, म्हणून तें दिसत नाहीं. शिवाय ज्यास काम करणें खरोखरच शक्य नाहीं, त्याच्यापुढें असामान्य माणसाचें चरित्र ठेवणें ही उपदेशाची मोठी सोयीची रीत आहे. ऐकणारा निरुत्तर होतो, आणि सांगणाराचा एक पैसाही खर्च होत नाहीं.

शब्दांच्या बाबतींत आपण उदार झालों आहों हें मात्र मान्य केलें पाहिजे. पंगूचा अपंग झाला, आणि अपंगाचा दिव्यांग झाला. २०२२ मध्यें महाराष्ट्रानें दिव्यांग कल्याणाचें स्वतंत्र खातेंही काढलें, ही गोष्ट स्तुत्यच आहे. येथें कौटिल्याची एक मौज आठवते. अर्थशास्त्रांत वाणीच्या अपराधांची शिक्षा सांगतांना तो म्हणतो कीं, काण्यास काणा किंवा लंगड्यास लंगडा म्हणून हिणविलें तर तीन पण दंड, व्यंग नसतांना हिणविलें तर सहा, आणि 'काय सुंदर डोळे आहेत याचे!' अशी उपरोधाची स्तुति केली तर बारा. नव्या शब्दांत उपरोध नाहीं, सद्भाव आहे, हें आम्ही जाणतों. तथापि दिव्य अंगाच्या माणसास योजनेच्या नांवांत निराधार म्हणावयाचें, आणि भाऊ असल्यामुळें तो निराधार नव्हे म्हणून परत पाठवावयाचें, हें कौटिल्याच्या धर्मस्थांपुढें गेलें असतें तर किती पण दंड झाला असता कोण जाणे. खेड्यांतील लोक या बाबतींत अधिक सरळ आहेत. या मासिक रकमेस ते 'पगार' म्हणतात. 'निराधारचा पगार आला का?' असें म्हातारी बँकेच्या दारांत विचारते, तेव्हां शहाणी माणसें तिच्या अज्ञानास हंसतात. आम्हांस तो शब्द बरोबर वाटतो. पगार मागून मिळत नाहीं, ठरलेल्या दिवशीं मिळावयाचा असतो, आणि त्याचें काय केलें हें कोणी विचारीत नाहीं.

आतांपर्यंत सरकारास पुष्कळ बोलून झालें. हें मासिक वाचणाऱ्या बहुतेक कुटुंबांस ५०,००० रुपयांच्या मर्यादेमुळें या योजनेशीं कर्तव्य नसतें. पण माडीवरच्या खोलींत किंवा मागल्या सोप्यांत एखादा काका, आत्या, धाकटा भाऊ असा असतोच. त्याचें औषधपाणी वेळेवर होतें, सणाला नवीन कपडे येतात, आल्यागेल्यास नमस्कार करण्यापुरतें त्याला बाहेरही बसवितात. वडील वारल्यावर १९५६ च्या कायद्याप्रमाणें शेतांत व घरांत त्याचा वांटा उभा राहतो, आणि मग दुय्यम निबंधकाच्या कचेरींत हक्कसोडपत्र होतें. बहिणींची सही होते तेव्हां निदान थोडी कुजबूज होते, आतां क्वचित् दावाही होतो. याच्या सहीच्या वेळीं सर्वांचे डोळे पाणावतात, कारण 'त्याचं आम्ही शेवटपर्यंत करणार आहों' असें थोरल्यानें सर्वांसमक्ष सांगितलेलें असतें, आणि तो तें मनापासून सांगत असतो. उसाचें बिल बँकेंत जमा झालें म्हणजे त्यांतील या भावाचा हिस्सा त्याच्या नांवच्या खात्यांत भरला जातो काय, हें आम्हीं आमच्या परिचयाच्या चार घरांतून सहज विचारून पाहिलें. दोन ठिकाणीं विषय बदलला गेला. तिसऱ्या ठिकाणीं 'त्याला इथं काय कमी आहे?' असें आम्हांसच विचारण्यांत आलें. चौथ्या घरीं खातें उघडलेलें आहे आणि पैसेही भरले जातात. पासबुक थोरल्या भावाच्या कपाटांत असतें.